शाळेत सायकॉलॉजीचा ग्रुप चालवायचाय? मग दुसऱ्या फेरीची तयारी आधी करा

दरवर्षी जून-जुलैमध्ये दोन-चार जणांचे मेसेज येतातच. दादा, एम.ए. सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आलोय, सरांनी शाळांच्या उपक्रमाचं विद्यार्थी प्रमुख केलंय, आता नेमकं करायचं काय? तर आता एकदाच लिहून टाकतो, प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसायला लागलाय. मी हे काम दोन वर्षं केलंय, बीड-लातूरच्या पट्ट्यात, एसटीनं, त्यामुळं खाली जे आहे ते पुस्तकातलं कमी आणि तोंडावर पडून शिकलेलं जास्त आहे.

पहिली शाळा सांगतो म्हणजे बाकीचं कळेल. आम्ही चौदा जण गेलो होतो, फ्लेक्स घेऊन, तणाव व्यवस्थापन या विषयावर बावीस स्लाईड घेऊन. तिथं गेल्यावर लाईट नाही. मुख्याध्यापकांनी पटांगणात पोरं बसवली, शाल-श्रीफळ झालं, मी माईकशिवाय चाळीस मिनिटं ओरडून कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाचं हार्मोन, सांगितलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोटो झाला. निघताना सातवीतली एक पोरगी गेटपाशी आली आणि म्हणाली, दादा, परत कधी येणार? मी म्हणलं, पुढच्या शनिवारी. आम्ही त्या शाळेत परत कधीच गेलो नाही. तिला काय सांगायचं होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही, आणि फोटो मात्र विभागाच्या अहवालात छापून आला.

म्हणून माझं पहिलं आणि जवळजवळ एकमेव सांगणं हेच, की ज्या शाळेत दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, दहाव्यांदा जाता येणार नाही तिथं पहिल्यांदा जाऊच नका. वर्षाला वीस शाळा करण्यापेक्षा दोन करा. सर नाराज होतील, नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फाईलला आकडा लागतो वगैरे म्हणतील, त्यांना सांगा की दोन शाळांच्या वीस-वीस भेटी म्हणजे पण चाळीसच होतात.

आता हे विद्यार्थी प्रमुख प्रकरण दुसरीकडं कसं असतं ते थोडक्यात. अमेरिकेत स्कूल सायकॉलॉजिस्ट ही शाळेतली रीतसर नोकरी आहे. त्यांची नॅस्प नावाची राष्ट्रीय संघटना १९६९ मध्ये झाली, आणि हा कोर्स असलेल्या बऱ्याच विद्यापीठांतले काही विद्यार्थी स्टुडंट लीडर म्हणून संघटना आणि आपला विभाग यांच्यामधला दुवा होतात. तिथं पदवी मिळायच्या आधी किमान १२०० तासांची इंटर्नशिप लागते, त्यातले निदान ६०० तास शाळेत. आणि ५०० मुलांमागं एक स्कूल सायकॉलॉजिस्ट असावा असं त्यांचं म्हणणं आहे, अर्थात तिथंपण सगळीकडं तेवढे नाहीतच. आपल्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत असं पदच नाही. समुपदेशक कोण असं विचारलं की चित्रकलेच्या नाहीतर पीटीच्या सरांकडं बोट दाखवतात आणि त्या बिचाऱ्यांना ते बोट दाखवल्यावरच कळतं. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर असावा. ते आपल्या वाडी-तांड्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोपर्यंत तुम्ही ती जागा भरायला चालला नाहीत हे डोक्यात पक्कं ठेवा. तुम्ही शिकणारे आहात आणि मोठ्या माणसाला वेळेवर सांगणारे आहात, बास.

टीम पाच-सहा जणांची पुरे. सगळ्यात जास्त मार्कवाल्याला प्रमुख करू नका, म्हणजे असेल चांगला तर करा, पण मार्क बघून नको. रोज गावाकडनं अपडाऊन करणारी पोरं-पोरी बघा, त्यांना शाळा कळतात, कुठल्या गाडीला किती गर्दी ते कळतं, आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशीशी कसं बोलायचं ते शिकवावं लागत नाही. एकानं शाळेशी बोलायचं, एकानं वही सांभाळायची, एकानं तारखा बघायच्या. प्रत्येक भेटीला एक मुलगा आणि एक मुलगी असलीच पाहिजे, यात सूट नाही. आणि कुठल्याही लेकराशी बंद खोलीत एकट्यानं बसायचं नाही. व्हरांड्यात, झाडाखाली, दार उघडं असलेल्या वर्गात, लांबून कुणालातरी दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी बसा. अशी जागा प्रत्येक शाळेत असते, पहिल्या भेटीत तीच शोधून ठेवा.

परवानगीचं काम कंटाळवाणं आहे पण तिथंच निम्मे ग्रुप मरतात. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, जावक क्रमांकासह, दोन प्रती. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर मुख्याध्यापक म्हणणारच, वरून पत्र आणा, म्हणून आधीच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जाऊन या. खाजगी अनुदानित असेल तर मुख्याध्यापक आणि संस्थेचे सचिव. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्याच, कारण मध्येच बदली होते आणि नवीन सर विचारतात तुम्हाला कुणी सांगितलं यायला. पत्रात काय लिहायचं? काय करणार, किती वेळ, कोणत्या वारी, आणि काय करणार नाही. आमच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की आम्ही बुद्ध्यांक काढून देणार नाही, कुठलं सर्टिफिकेट देणार नाही, मुलांचे फोटो टाकणार नाही. मुख्याध्यापकांनी ते वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, मग तुम्ही करणार काय? खरा प्रश्न होता. आम्ही म्हणलं, दर शनिवारी येणार आणि बसणार. मराठवाड्यातल्या शिक्षकाला हे पटायला तीन शनिवार लागतात, पहिले दोन शनिवार त्यांना तुम्ही तपासणीला आलाय असंच वाटतं.

पालकांची संमती वेगळी घ्यायची. फॉर्म छापून पोरांच्या हातात दिला की तो दप्तरात चिंध्या होऊन परत येतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला दहा मिनिटं मागून घ्या, तिथं तोंडी सांगा, मग सह्या किंवा अंगठे. सायकॉलॉजी शब्द वापरू नका, लगेच "येडं म्हणायलेत का आमच्या लेकराला" असं होतं. अभ्यासात मन लागत नाही, शाळेत यायला रडतं, कुणाशी बोलत नाही, अशी लेकरं असतील तर आम्ही त्यांच्याशी आणि सरांशी बोलू, एवढं सांगितलं की पुरतं.

वेळापत्रक करताना विद्यापीठाचं कॅलेंडर बाजूला ठेवा आणि गावाचं बघा. जून-जुलै परवानग्या, ऑगस्टपासून भेटी. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन, त्या दिवशी कॉलेजात पोस्टर करा हवं तर, शाळेला त्याचं काही पडलेलं नसतं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड सुरू होते. बीडकडच्या, पाटोदा-शिरूर-धारूरच्या शाळांचा पट निम्म्यावर येतो, काही पोरं आईबापाबरोबर कारखान्याला जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी. म्हणजे तुमचं ऑगस्टमध्ये जमलेलं लेकरू डिसेंबरमध्ये तिथं असेलच असं नाही. हे आधी धरून चाला, आणि दिवाळीआधी त्या पोरांना स्वतःहून सांगा की तू आलास की आम्ही इथंच आहोत. जानेवारीत गॅदरिंग, त्या महिन्यात कुणी तुमचं ऐकत नाही, बिनधास्त पोरांबरोबर नाचाच्या प्रॅक्टिसला बसा, तिथं जेवढं कळतं तेवढं प्रश्नावली भरून कळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीचं टेन्शन. लातूरला काम करणार असाल तर हिशेब वेगळा आहे, तिथं नीटच्या क्लासची पोरं वर्षभर टेन्शनमध्येच असतात आणि घरापासून लांब रूम करून राहतात, त्यावर एक वेगळा लेख होईल, इथं नको.

आता शाळेत करायचं काय. भाषण नाही. परिपाठाला पोरांच्यात उभं रहा, मधल्या सुट्टीत खेळा, खिचडी वाढू लागा. चौथ्या-पाचव्या भेटीनंतर वर्गशिक्षक स्वतः एखादं नाव सांगतात, बहुतेक वेळा असं सांगतात की याला कायच येत नाही, याचं काहीतरी बघा.

इथं थांबा. आपल्या एम.ए.च्या पोरांना नुकतंच अध्ययन अक्षमता शिकवलेलं असतं, त्यामुळं ज्याला वाचता येत नाही त्या प्रत्येकात डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अक्षमता, दिसायला लागतो. मलापण दिसला. पाचवीतला मुलगा, फळ्यावरचं अक्षर सुंदर उतरवायचा, वही बघितली तर मोत्यासारखी, आणि वाचायला सांगितलं की गप्प. ध आणि घ मध्ये गोंधळ, मात्रा गाळायचा, जोडाक्षर आलं की डोळे खाली. मी वहीत मोठ्या रुबाबात लिहिलं, डिस्लेक्सियाची शक्यता. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी कॉलेजात ते वाचलं आणि एकच विचारलं, हजेरीपट बघितलास का? पुढच्या शनिवारी बघितला. पहिली ते चौथी, प्रत्येक वर्षी नोव्हेंबर ते मार्च गैरहजर. आजीला विचारलं तर म्हणाली, त्याचे मायबाप दिवाळी झाली की कारखान्याला जातेत, पाडव्याला येतेत, यंदाच मी त्याला ठेवून घेतलाय. आणि घरी बोलतात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, मराठी त्याला शाळेतच भेटलेली. म्हणजे ज्या पोराला वाचायला कुणी सलग सहा महिने शिकवलंच नाही त्याला मी अक्षम ठरवून बसलो होतो.

तेव्हापासूनचा आमचा क्रम हा. आधी हजेरीपट, मग घरची भाषा, मग डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांची नोंद शाळेत असते ती मागा, किती पोरांना फळाच दिसत नसतो. मग भूक आणि झोप. हे सगळं नीट असून, रोज शाळेत येऊन, शिकवूनसुद्धा वाचन येत नसेल, तेव्हा अध्ययन अक्षमतेची शंका घ्या, आणि शंकाच घ्या, निदान नाही. ती शंका वर्गशिक्षकांमार्फत गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांपर्यंत न्या, ते समग्र शिक्षा अभियानाचे असतात, आणि पुढं शासकीय रुग्णालयात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातला एक आहे, त्यामुळं प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण दहावीच्या जानेवारीत हे आठवून उपयोग नसतो, सहावी-सातवीत हालचाल करावी लागते. आईबापांना हे कुणी सांगत नाही, तुम्ही सांगा. बिने-कामत किंवा भाटिया बॅटरी या बुद्धिमत्ता चाचण्या प्रॅक्टिकलला शिकलात म्हणून ती पेटी घेऊन शाळेत जाऊ नका. तुमच्या हातून निघालेला आकडा शाळेत पसरतो आणि मग पुसता येत नाही.

पसरण्यावरनं आठवलं, हे सांगताना अजून लाज वाटते. आमच्यातला एक जण स्टाफरूममध्ये चहा पिता पिता बोलून गेला, सर, त्या आठवीच्या पोराला डिप्रेशन वाटायलंय. झालं. दोन शनिवारनंतर आम्ही गेलो तर पटांगणात पोरं त्याला हाक मारत होती, ए डिप्रेशन, बॉल टाक. तो पोरगा त्यानंतर आम्ही आलो की शाळेच्या मागं जाऊन बसायचा. त्याच्याशी आमचं नातं परत जुळलं नाही. त्या दिवशी परत येताना एसटीत कुणीच कुणाशी बोललं नाही.

म्हणून वहीचा नियम. दोनशे पानी एकच वही, त्यात मुलाचं नाव नाही, नुसता खुणेचा आकडा. नावांची यादी मार्गदर्शक मॅडमच्या कपाटात, वेगळी. वहीत काय लिहायचं? तारीख, कोण बसलं, काय बघितलं, काय ऐकलं, पुढं काय ठरलं. आपलं मत लिहायचं नाही. मुलगा उदास आहे असं नाही लिहायचं, मुलानं डबा उघडला नाही, तीन शनिवार झाले, असं लिहायचं. सुरवातीला अवघड जातं, सगळ्यांना मतं लिहायची हौस असते. व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांबद्दल एक अक्षर टाकायचं नाही, तिथं फक्त गाडीची वेळ आणि कोण येणार एवढंच. आणि स्टाफरूममध्ये चहा प्यायचा, पाऊसपाण्याचं बोलायचं, मुलाबद्दल फक्त वर्गशिक्षकांशी आणि तेही बाजूला घेऊन, त्यांना मदत होईल तेवढंच.

पण सगळंच गुपित ठेवता येत नाही आणि हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगायचं. "कुणाला सांगणार नाही ना?" असं लेकरू विचारतंच. शपथ घालतात, आईची. तेव्हा हो म्हणून मोकळं होऊ नका. आम्ही असं म्हणायचो, तुझं बोलणं मी कुणाला सांगत नाही, पण तुला कुणी त्रास देत असेल किंवा तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागतं, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पोक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ज्याला कळलं त्या प्रत्येकाला, विद्यार्थी आहे म्हणून सुटका नाही. त्याच दिवशी मार्गदर्शकांना फोन, आणि त्यांच्यासोबत पुढची कारवाई, मुख्याध्यापक म्हणाले आपापसात मिटवू तरीपण. मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८, बालविवाहाची कुणकुण लागली तरी हाच. आणि तसं आपल्याकडं लागते, नववीतली पोरगी दिवाळीनंतर आलीच नाही की विचारा.

जीव द्यायची भाषा कुणी केली तर चेष्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, तुझ्या मनात मरायचा विचार येतो का. विचारल्यानं डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, उलट पोरांना मोकळं वाटतं. मग त्याला एकटं सोडायचं नाही, घरचं माणूस येईपर्यंत सोबत बसायचं, गाडी चुकली तर चुकू द्या. घरात फवारणीचं औषध कुठं ठेवता हे आईबापाला विचारा आणि कुलपात ठेवायला लावा, शेतकऱ्याच्या घरात ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. पुढं जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग, किंवा जवळ पडत असेल ते सरकारी मेडिकल कॉलेज, अंबाजोगाईचं, लातूरचं, नांदेडचं, संभाजीनगरला घाटी. नुसतं तिकडं घेऊन जा म्हणून चालत नाही. कोणत्या वारी ओपीडी असते, केसपेपर कुठल्या खिडकीला निघतो, हे तुम्ही स्वतः एकदा जाऊन बघून या. मी गेलो होतो, दोन तास चुकीच्या रांगेत उभा होतो. त्यानंतर पालकांना चिठ्ठीवर लिहून द्यायचो, गेटमधून आत गेल्यावर डावीकडं, झाडापाशी.

तुमच्या टीमचं पण बघा. आठवड्यातून एकदा, आम्ही शुक्रवारी बसायचो, मार्गदर्शकांसोबत तासभर वही वाचायची. कुणाला एखाद्या लेकराचं ऐकून स्वतःचंच घर आठवलं तर त्यानं दोन शनिवार सुट्टी घ्यावी, याला पळपुटेपणा म्हणायचं नाही. आमच्यातली एक जण बाप गेलेल्या मुलीशी बोलून आली आणि स्टँडवर बसून रडली, तिचा बाप आदल्या वर्षी गेलेला होता आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वर्षभर सोबत डबा खात होतो.

खर्चाचं थोडक्यात: शाळेकडून पैसे घेऊ नका, चहा घ्या. विभागाकडं प्रवासखर्च मागा, नाही मिळाला तर वर्गणी काढा, दोनच शाळा असल्या की परवडतं. फ्लेक्स करू नका.

आता शेवटचं, आणि याकडं सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. एम.ए. दोन वर्षांचं असतं. पहिलं वर्ष कळण्यात जातं, दुसऱ्या वर्षी हात बसतो, आणि हात बसला की सेट-नेटचा अभ्यास सुरू होतो आणि तुम्ही गायब. शाळेत मुलं विचारतात, ते दादा कुठं गेले. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीपासूनच पहिल्या वर्षाचे दोन जण सोबत न्यायला लागा. नुसतं न्यायचं, बोलायचं नाही, बघू द्यायचं. मार्चमध्ये त्यांना बोलू द्या आणि तुम्ही मागं बसा, लई त्रास होतो मागं बसायला, तरी बसा. शाळेतल्या मुलांना तुमच्या तोंडून सांगा की जूनपासून मी येणार नाही, ही ताई येणार. काही रुसतात, एकानं मला जाताना हातात हात दिला नाही, ठीक आहे, न सांगता जाण्यापेक्षा ते बरं.

आणि जूनमध्ये, तुमचा निकाल लागलेला असो नसो, एक चक्कर मारून नवीन प्रमुखाची मुख्याध्यापकांशी ओळख करून द्या, पोच घेतलेल्या पत्रांची फाईल, गाड्यांच्या वेळा, ओपीडीचे वार आणि वही त्याच्या हातात द्या. शाळेतल्या ज्या लोखंडी कपाटात खेळाचं साहित्य ठेवायचात त्याची चावीपण. ती मी द्यायची विसरलो, अजून माझ्याच की-चेनला आहे, नवीन पोरांनी कुलूप तोडून दुसरं बसवलं म्हणे.